चालतंय ना? मग हात लावू नका!

२२ मार्च २०२०. जनता कर्फ्यूचा रविवार. संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलरीत उभे राहून थाळ्या बडवत होतो. त्याच दिवशी लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले प्राध्यापक नील फर्ग्युसन ट्विटरवर एक कबुली देत होते. त्यांच्या गटाचा अहवाल येऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. काहीच उपाय केले नाहीत तर ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत २२ लाख माणसं दगावतील, असा त्याचा हिशेब होता. ज्या प्रोग्रॅममधून हे आकडे निघाले तो आपण तेराहून जास्त वर्षांपूर्वी फ्लूच्या साथीसाठी लिहिला होता, त्यात सी भाषेतल्या हजारो ओळी आहेत आणि त्यांचं डॉक्युमेंटेशन नाही, असं प्राध्यापकमहाशयांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी ब्रिटनला टाळं लागलं.

टाळं त्या प्रोग्रॅममुळेच लागलं असं नाही, पण त्याचं वजन मोठं होतं. साहजिकच लोक म्हणू लागले, दाखवा बघू तो कोड. मग मायक्रोसॉफ्ट आणि गिटहबची माणसं मदतीला धावली. 'डूम' हा गाजलेला गेम लिहिणारे जॉन कारमॅकही मदत करणाऱ्यांत होते. साफसफाईच्या आधी हे सगळं १५ हजार ओळींच्या एकाच फाइलीत होतं आणि त्यातली काही फंक्शनं तर फोरट्रानमधून यंत्राने भाषांतर केल्यासारखी दिसत होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. एप्रिलअखेर कोड जगापुढे आला. तोही धुऊन-पुसून, केसबिस विंचरून. मूळ रूपात पाहुण्यांसमोर आणण्याची हिंमत झाली नाही.

मग काय विचारता! आयुष्यात एक लूप न लिहिलेली माणसंही कोडची समीक्षा करू लागली. मॉडेल बोगस, आकडे बोगस, लॉकडाउन बोगस. यादृच्छिक आकड्यांसाठी एकच बीज (सीड) देऊन मॉडेल दोनदा चालवलं तर उत्तरं हलतात, अशी तक्रार आली आणि ती खरीही होती. पण त्याच उन्हाळ्यात केंब्रिजच्या स्टीफन एग्लेन यांनी तो धुतलेला कोड शांतपणे चालवून पाहिला आणि अहवालातले मुख्य आकडे त्यांना मिळाले. थोडा इकडेतिकडे फरक, पण मिळाले. बोगस म्हणणाऱ्यांनी ही बातमी वाचली नाही, कारण तोवर ते दुसऱ्या विषयाचे तज्ज्ञ झाले होते.

तर मुद्दा असा की गचाळ कोड चुकीचाच असतो असं नाही. गचाळ कोडची खोड वेगळीच. तो बरोबर आहे की चूक, हे कुणालाच सांगता येत नाही. लिहिणाऱ्यालाही नाही. मग जो मोठ्याने ओरडेल त्याचं खरं. आपल्याकडे सरकारी फाइलीवर निदान नोटिंग तरी असतं. कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून काय केलं ते वाचता येतं. विज्ञानातल्या कित्येक प्रोग्रॅमांवर तेवढंही नसतं.

हा गचाळपणा शोधायला फार अक्कल लागत नाही. फोल्डर उघडला आणि आत 'फायनल', 'फायनल२' आणि 'फायनल_सरांनी_सांगितल्यावर' अशा फाइली दिसल्या की निम्मं निदान झालं. उरलेलं फाइलीच्या पहिल्या दहा ओळींत होतं. तिथे कुणाच्या तरी डेस्कटॉपवरच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो आणि तो डेस्कटॉप भंगारात जाऊन सहा वर्षं झालेली असतात. खाली सरकलं की नऊशे ओळींचं एकच फंक्शन भेटतं. ते फाइल वाचतं, तापमान मोजतं, सरासरी काढतं, आलेख काढतं आणि शेवटी ई-मेलही पाठवतं. त्यातल्याच चाळीस ओळी उचलून आणखी चार ठिकाणी चिकटवलेल्या असतात. पैकी तीन ठिकाणी चूक दुरुस्त केलेली असते. चौथ्या ठिकाणी ती सुखाने नांदत असते.

आणि नावं! टी, टीटी, टी१, टेम्प. हे टेम्प म्हणजे तापमान की तात्पुरतं? लेखकाला विचारावं तर तो बंगळुरूला बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलेला. जुन्यांना निदान सबब होती. फोरट्रान आली १९५७ साली, आयबीएममधून, आणि कितीतरी वर्षं तिच्यात नावाला सहाच अक्षरांची मुभा होती. शिवाय आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव म्हणजे पूर्णांक, बाकीची दशांशाची, असा घरचा नियम. नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर ती भाषा कुरकुरत नसे. तिला वाटे, आलं एक नवं व्हेरिएबल, या बसा. त्यात काय मूल्य आहे ते देवाला ठाऊक. पुढे 'इम्प्लिसिट नन' अशी एक ओळ लिहून ही मोकळीक बंद करायची सोय झाली. ती ओळ नसलेल्या फाइली आजही चालू आहेत आणि त्यांच्यावर पेपरही निघत आहेत. सहा अक्षरांची सक्ती मात्र १९९० च्या फोरट्राननेच संपवली. आजच्या पायथॉनमध्ये तर हवं तेवढं लांब नाव ठेवता येतं. तरीही आमची पोरं टीटी लिहितात. सक्ती गेली, सवय राहिली.

पण खरी मौज आकड्यांत आहे. कुठल्याही संशोधन संस्थेत, कुठल्याही दुपारी, पुढचा संवाद ऐकू येईल:

'सर, सगळं शेवटी ०.८७ ने गुणलंय. हा आकडा कुठून आला?'

'तो आधीपासून आहे.'

'पण आहे काय तो?'

'करेक्शन फॅक्टर.'

'कशाचं करेक्शन, सर?'

'अगं, तो काढला की ग्राफ जुळत नाही. त्याचं!'

कोड तपासणारी यंत्रं आता ढिगाने मिळतात. १९७६ साली थॉमस मॅकेब यांनी फंक्शनमधल्या फाट्यांची मोजणी करून गुंतागुंतीचा आकडा काढायची रीत सांगितली आणि दहाच्या वर गेलात तर सांभाळा, असा इशारा दिला. आज ते गणित क्षणात होतं. यंत्र सांगतं, फंक्शन फार लांब आहे, हे व्हेरिएबल कुणीच वापरलेलं नाही, ही ओळ तिकडे जशीच्या तशी आहे. अडीच हजार इशारे देतं. माणूस पहिले वीस वाचतो आणि यंत्रच बंद करतो. पण ८.३१४ दिसला तर तो वायूंचा स्थिरांक आहे आणि ०.८७ दिसला तर तो सरांचा, हे यंत्राला कळत नाही. त्यासाठी विषय जाणणारा माणूस लागतो. विषय जाणणाऱ्या माणसाला कोड बघायला वेळ नसतो, कारण तो पेपर लिहीत असतो. पेपर त्याच कोडवर असतो, हा भाग वेगळा.

'एवढ्या तेवढ्याने काय होतंय' असं म्हणणाऱ्यांसाठी जेफ्री चँग यांची गोष्ट. हे अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतले हुशार, तरुण शास्त्रज्ञ. २००१ साली त्यांनी 'सायन्स'मध्ये एमएसबीए या प्रथिनाची रचना छापली. पेशीच्या पटलातून पदार्थ बाहेर फेकणाऱ्या प्रथिनांपैकी हे एक, म्हणून औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या अभ्यासकांना त्यात फार रस. वाहवा झाली, पाठोपाठ आणखी पेपर आले. इतरांच्या प्रयोगांशी ही रचना नीट जुळत नव्हती. पण रचना 'सायन्स'मध्ये छापलेली, तेव्हा चुकत असतील तर इतरच. विरुद्ध निष्कर्ष काढणाऱ्यांना आपले लेख छापून आणताना आणि अनुदान मिळवताना अडचणी आल्या.

२००६ च्या सप्टेंबरात झुरिकच्या रॉजर डॉसन आणि कास्पर लॉकर यांनी 'नेचर'मध्ये त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रथिनाची रचना छापली आणि चँग यांच्या पोटात गोळा आला. त्यांनी मागे जाऊन शोधलं, तेव्हा सापडला प्रयोगशाळेतलाच एक घरगुती प्रोग्रॅम. दुसऱ्या प्रयोगशाळेकडून वारशाने आलेला. तो माहितीच्या दोन रकान्यांची अदलाबदल करत होता. तेवढ्याने चिन्ह उलटलं, डावं ते उजवं झालं आणि प्रथिनाची अख्खी रचना आरशातली निघाली. पाच पेपर मागे घ्यावे लागले, त्यांतले तीन 'सायन्स'मधले. पाच वर्षांचं काम दोन रकान्यांत गेलं. ज्याची रचना ठाऊक आहे असं एखादं साधं प्रथिन त्या प्रोग्रॅममधून पहिल्याच दिवशी चालवून बघायचं, एवढीच टेस्ट लागत होती. ती एका दुपारचं काम होती. पण प्रोग्रॅम चालत होता ना! मग हात कोण लावणार?

चँग यांनी चूक स्वतः शोधली आणि स्वतः जाहीर केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. ही चाल फारशी प्रचलित नाही.

दुसरी गोष्ट रसायनशास्त्रातली आणि आणखी बारीक. २०१४ साली 'नेचर प्रोटोकॉल्स'मध्ये एका पद्धतीबरोबर पायथॉनच्या स्क्रिप्ट आल्या. रेणूच्या रचनेवरून त्याचा एनएमआर वर्णपट कसा दिसेल याचा हिशेब करणाऱ्या. पद्धत उत्तम, शंभरावर पेपरांनी तिचा हवाला दिला. पाच वर्षांनी हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी तीच स्क्रिप्ट वेगवेगळ्या संगणकांवर चालवली आणि एकाच रेणूची वेगवेगळी उत्तरं आली. विंडोजवर एक, उबुंटूवर दुसरं, मॅकच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांवरही एकमत नाही. कारण काय? स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागत होती आणि यादी वर्णानुक्रमेच येईल असं गृहीत धरून जोड्या लावत होती. पायथॉनने असं वचन कधीच दिलं नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टिम जशी देईल तशी यादी. दुरुस्ती काय, तर यादी क्रमाने लावून घ्यायची. एका शब्दाचं काम. ज्यांनी आपला पेपर या स्क्रिप्टवर उभा केला त्यांनी आता आपल्याकडे तेव्हा कुठला संगणक होता ते आठवत बसावं.

'हे तुरळक अपवाद आहेत हो,' असं म्हणणारे भेटतातच. त्यांना लेस हॅटन यांचं नाव सांगावं. नव्वदच्या दशकात या गृहस्थांनी भूकंपलहरींच्या माहितीवर प्रक्रिया करणारी नऊ वेगवेगळी पॅकेजं घेतली. तेल शोधणाऱ्या कंपन्या कुठे खोदायचं ते ज्यांच्या भरवशावर ठरवतात, ती. माहिती तीच, गणित तेच, भाषाही तीच फोरट्रान. सुरुवातीला सहा अंकांपर्यंत उत्तरं जुळत होती. प्रक्रियेच्या शेवटी पहिला अंक तेवढा जुळला तर जुळला. म्हणजे जमिनीत तेल आहे की नाही हे भूगर्भावर कमी आणि आपण कुणाचं पॅकेज विकत घेतलं यावर जास्त अवलंबून.

आणि विज्ञानाने सॉफ्टवेअरपुढे हात टेकल्याचा कळस पाहायचा असेल तर जनुकांची बारशी पाहा. एक्सेलमध्ये 'मार्च१' किंवा 'सेप्ट१' या जनुकाचं नाव टंकलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासलं, तर एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडणाऱ्या पेपरांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात असे घोळ होते. मग काय केलं? एक्सेल सोडलं? छे! २०२० साली जनुकांचीच नावं बदलली. 'मार्च१'चा झाला 'मार्चएफ१' आणि 'सेप्ट१'चा 'सेप्टिन१'. ही तारखेची खोड बंद करायचं बटण एक्सेलमध्ये आलं २०२३ साली. तोवर बारशाचे पेढे वाटून झाले होते.

असं का होतं? शास्त्रज्ञ काही मूर्ख नसतात. प्रयोगशाळेतला कोड भाड्याच्या जुन्या वाड्यासारखा असतो. पीएचडीचं एक बिऱ्हाड पाच वर्षं राहतं, आपल्या सोयीने खिळे ठोकतं, पत्रा चढवतं, वायर ओढतं आणि थीसिस बांधून निघून जातं. पुढचं बिऱ्हाड येतं, त्याला कुठली वायर कुठे जाते ते माहीत नसतं, म्हणून ते आणखी एक वायर ओढतं. मालक गाइड. ते वाड्यात पाऊल टाकत नाहीत, त्यांना फक्त भाडं हवं असतं, म्हणजे पेपर. वाड्याच्या डागडुजीला पैसा कुठल्याच अनुदानात नसतो. अर्जात 'नवी पद्धत' म्हटलं की पैसे मिळतात. 'आहे ती पद्धत नीट करणार' म्हटलं की समिती विचारते, यात संशोधन कुठे आहे?

बाहेर फार वेगळं चित्र नाही. मॅटप्लॉटलिब हे आलेख काढायचं साधन जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरलं जातं. ते लिहायला घेतलं जॉन हंटर नावाच्या मेंदूवैज्ञानिकाने, एपिलेप्सीच्या रुग्णांच्या मेंदूतले संदेश पडद्यावर पाहता यावेत म्हणून. २०१२ साली तो ४४ व्या वर्षी गेला, तेव्हा हा सगळा डोलारा मोजक्या हातांवर उभा असल्याचं लोकांच्या ध्यानात आलं. १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचं पहिलं चित्र झळकलं. त्यामागच्या हिशेबात याच पायथॉनच्या कुळातली फुकटची साधनं होती. याच साधनांच्या देखभालीसाठी केलेला अर्ज अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्यानंतर काहीच दिवसांनी नामंजूर केला. चित्र मात्र सगळ्यांनी स्टेटसला ठेवलं.

कोड सांभाळणं हे एक काम आहे आणि त्याला माणूस लागतो, हे ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमारास काहींच्या लक्षात आलं. त्यांनी 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर' असं पदाचं नाव काढलं. विज्ञान कळणारा आणि कोडही नीट लिहिणारा माणूस. आपल्याकडे अशा माणसाला 'लॅबमधला तो कॉम्प्युटरवाला' म्हणतात आणि प्रिंटर बिघडला तरी त्यालाच बोलावतात.

आता दुरुस्तीचं. इथे उत्साही मंडळींपासून सावध राहावं. नवा पीएचडीवाला जुना कोड बघतो, नाक मुरडतो आणि जाहीर करतो की हे सगळं पुसून नव्याने लिहायचं. नव्या भाषेत. दोन वर्षांनी नवा कोड जुन्याच्या सत्तर टक्के गोष्टी करतो, उत्तरं वेगळी देतो आणि त्यातलं खरं कुठलं हे कुणाला माहीत नसतं, कारण जुन्या कोडमध्ये एका विचित्र 'इफ'मागे एक खरोखरचा बिघडलेला सेन्सर होता. तो 'इफ' नव्याने कुरूप म्हणून काढला. आता सेन्सरचा कचरा थेट सरासरीत.

शहाणी माणसं उलट्या बाजूने सुरुवात करतात. कोडला हात लावण्याआधी तो आज काय उत्तर देतो ते पकडून ठेवतात. एक छोटी, ओळखीची माहिती घ्यायची, कोड चालवायचा, निकाल जपून ठेवायचा. बरोबर की चूक ते नंतर बघू, आधी आज काय आहे त्याची नोंद. मग एक नाव बदलायचं आणि पुन्हा चालवायचं. नऊशे ओळींतून तीस ओळी वेगळ्या काढायच्या, पुन्हा चालवायचं. ०.८७ ला निदान नाव द्यायचं, शेजारी तो कुणी, कधी, कशावरून घातला ते लिहायचं आणि माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहायचं. तेही प्रामाणिक डॉक्युमेंटेशनच. प्रत्येक बदल गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात. काम कंटाळवाणं आहे, त्यावर पेपर निघत नाही, पण उत्तर हललं की कुठल्या बदलाने हललं ते त्याच दिवशी कळतं.

विज्ञानाच्या कोडमध्ये इथेच एक पेच आहे आणि तो बँकेच्या कोडमध्ये नसतो. कागदावर बेरजेचा क्रम बदलला तरी उत्तर तेच. संगणकातल्या दशांशांत तसं नाही. पंधरा-सोळा अंकांच्या पुढचं तो सोडून देतो, त्यामुळे आधी कुठले दोन आकडे मिळवले यावर शेवटचा अंक बदलतो. कंपायलर बदला, प्रोसेसर वाढवा, शेवटचा अंक हलतो. मग जुनं आणि नवं उत्तर तंतोतंत सारखं असावं असा हट्ट धरला तर टेस्ट रोज बोंबलते, आणि सैल सोडली तर खरी चूक त्या फटीतून निसटते. किती फरक चालेल हे ठरवायला पुन्हा विषय कळणारा माणूस लागतो.

आणि हवामानासारख्या विषयात तर शेवटचा अंकही निरुपद्रवी नसतो. १९६१ साली एमआयटीत एडवर्ड लोरेंझ यांनी आपलं छोटं हवामान-मॉडेल मध्यापासून पुन्हा चालवायला घेतलं. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७ होतं, कागदावर छापून आलेलं ०.५०६. त्यांनी कागदावरचं घातलं. काही काळ दोन्ही आलेख हातात हात घालून चालले आणि मग असे फाकले की एकमेकांची ओळखही लागेना. लोरेंझ यांना यातून नवं शास्त्र सापडलं. पण त्यांना मूळ आकडा, छापील आकडा आणि दोन्हींचे आलेख समोरासमोर ठेवता आले म्हणून ते सापडलं. आपल्या पीएचडीवाल्याने 'फायनल२' वर 'फायनल३' चिकटवलं असतं, तर त्याला फक्त वैताग सापडला असता.

मग एआयला सांगू की कोड साफ कर! सांगा की. नऊशे ओळींचं फंक्शन तो मिनिटभरात बारा गोंडस फंक्शनांत वाटून देईल, प्रत्येकावर सुवाच्य कॉमेंट लिहील आणि ०.८७ चं असं पटण्याजोगं कारण सांगेल की सरांनाही तेच खरं वाटू लागेल. टेस्ट जवळ असतील तर हा गडी कामाचा आहे. नसतील तर गचाळ कोड निदान गचाळ दिसत होता, तेवढीही सोय गेली.

कोड उघडा टाकला की काम झालं, असंही समजू नका. हार्वर्डच्या डेटाव्हर्स या भांडारात संशोधकांनी आपण होऊन ठेवलेल्या आर भाषेतल्या नऊ हजारांवर फाइली काही जणांनी चालवून पाहिल्या. २०२२ साली त्याचा निकाल छापला. पहिल्या प्रयत्नात ७४ टक्के फाइली अडखळून पडल्या. यंत्राने थोडी डागडुजी केल्यावरही ५६ टक्के पडल्याच. ही झाली सज्जनांची, ज्यांनी कोड निदान दाखवला त्यांची अवस्था. 'विनंती केल्यास कोड मिळेल' असं पेपराखाली लिहिणाऱ्यांना एकदा विनंती करून पाहा. उलट बाजूला निकोला रुझिए नावाचा फ्रेंच संशोधक आहे. दहा वर्षांहून जुना आपला कोड पुन्हा चालवून दाखवा, असं आव्हान त्याने आणि कॉनराड हिन्सेन यांनी २०१९ साली सगळ्यांना दिलं आणि स्वतः ॲपल-२ वर लिहिलेला ३२ वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम चालवून दाखवला. आमच्याकडे मागच्या बॅचचा चालत नाही.

आता घराजवळ येऊ. पुण्याच्या पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनमध्ये तिने अमेरिकेतून आलेलं मोठं मॉडेल आपल्या पावसासाठी घडवलं. मे २०२५ मध्ये तिथेच तयार झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' आली, सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत हवामान सांगणारी. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात 'अर्क' आणि नोएडात 'अरुणिका' हे हवामानाचे महासंगणक आले, दोन्ही मिळून ८५० कोटींचे. चांगलंच झालं. बातमी आली, फोटो आले, अभिमान वाटला. पण महासंगणक पाच-सात वर्षांत जुना होतो आणि बदलतो. त्यावर चालणारा कोड तसा बदलत नाही, तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर, एका पिढीकडून दुसरीकडे जातो. म्हणजे टिकाऊ मालमत्ता कोड आहे आणि यंत्र नुसतं भाड्याचं. फीत मात्र यंत्राची कापतात. नव्या टेस्ट लिहिल्या म्हणून नारळ फोडल्याचं कुणी ऐकलंय? पेरणी करावी की थांबावं हे विदर्भातला शेतकरी ज्या अंदाजावर ठरवतो त्याच्या मागे लाखो ओळी असतात. त्या सांभाळणाऱ्या माणसाचा पगार, पद आणि बढती हा हवामानाचाच विषय आहे.

बढतीच्या समित्यांकडून मला फार आशा नाही. त्या पेपर मोजतात, कारण पेपर मोजता येतात. त्यामुळे विनंती त्या प्राध्यापकांना, जे पुढच्या महिन्यात कुठेतरी बाहेरचे परीक्षक म्हणून व्हायवाला जाणार आहेत. चहा घ्या, बिस्किटं घ्या, प्रास्ताविक ऐका. मग पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप काढून टेबलावर ठेवा आणि उमेदवाराला म्हणा, तुझ्या थीसिसमधली चौथी आकृती यावर काढून दाखव. नाही निघाली तर उमेदवाराला रागावू नका. शेजारी बसलेल्या गाइडना विचारा.